‘माय मिस्टर’ संपली, आता पुढे काय? शिफारशींवर आठ महिने काढल्यानंतरचा हिशोब

‘माय मिस्टर’ या कोरियन मालिकेचा सोळावा भाग संपतो, पडद्यावर नावं यायला लागतात आणि तेवढ्यात ती नावं कोपऱ्यात ढकलून पट्टी वर येते: ‘तुम्हाला हेही आवडेल’. पट्टीत पहिली मालिका कॉन्ट्रॅक्ट मॅरेजवाली कॉमेडी. दुसरीत नायिका तीच, फक्त इथे ती भुतांसाठी हॉटेल चालवते. तिसरी हायस्कूलमधली प्रेमकथा. प्लॅटफॉर्मचं नाव घेत नाही, या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी. विचारलं तर ग्राहक सेवेचं उत्तर आलं की शिफारशी ‘आपल्या पाहण्याच्या सवयींवर’ ठरतात. कर्जात बुडालेली कंत्राटी कामगार पोरगी आणि पंचेचाळिशीचा थकलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्या गोष्टीनंतर भुतांचं हॉटेल सुचत असेल, तर बिघाड सवयीत नाही एवढं नक्की.

तेव्हापासून पट्टीकडे बघणं बंद, शोध हाताने. मायड्रामालिस्ट (आशियाई मालिकांची प्रेक्षकांनी चालवलेली यादी), एशियनविकी (मालिका-सिनेमांची माहिती) आणि जस्टवॉच (काय कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहे ते सांगणारी साइट), तिन्ही फुकट, तिन्ही आठ महिने रोजच्या वापरात.

मायड्रामालिस्टवर प्रत्येक मालिकेच्या पानावर ‘रेकमेंडेशन्स’ म्हणजे सारख्या मालिकांच्या शिफारशी असतात हे तिथे जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पण बहुतेक जण पोस्टर बघतात, किती जणांना पटलं तो आकडा बघतात आणि पुढे सरकतात. शिफारस टाकणारा प्रेक्षक तिच्याखाली कारणही लिहितो. ती कारणाची ओळ म्हणजे या साइटचा अर्क. बाकी दहापैकी गुण, क्रमवारी वगैरे पानाभोवतीची रांगोळी. पोट भरतं ते या ओळीवर.

ओळी वाचायची सवय लागली की त्यांच्या जाती कळायला लागतात. दोन्हीत हाच नट आहे, ही सगळ्यात टाकाऊ जात आणि नेमकी हीच रग्गड सापडते. दोन्ही बघताना खूप रडले, ही दुसरी. रडायला कांदाही पुरतो. दोन्ही अप्रतिम आहेत, ही तिसरी, आणि ते कारणच नव्हे. कामाची असते ती चौथी जात. कंपनीतलं राजकारण, वरच्या हुद्द्यावरचा माणूस खालच्याला न बोलता सांभाळून घेतो, प्रेमप्रकरण नाही. अशी ओळ ‘मिसेंग’कडे नेते (2014, 20 भाग), आणि तिथे एकदा पोचलात की त्या भुतांच्या हॉटेलचा राग निवतो. ‘मिसेंग’ हा ‘गो’ या पटावरच्या खेळातला शब्द: अजून धड जिवंत न झालेली सोंगटी. मालिकेचा नायकही तसाच, या खेळात व्यावसायिक व्हायचं राहून गेलेला आणि ऑफिसात झेरॉक्स काढत बसलेला.

वर दिसणाऱ्या पाच-सहा शिफारशी सोडून थेट खाली जा. ज्या मालिका जास्त लोकांनी पाहिल्यात त्यांच्या शिफारशीला पसंती जास्त मिळणारच, त्यात साम्याचा संबंध कमी. दोन-तीनच जणांना पटलेली पण तीन वाक्यांचं कारण असलेली शिफारस पन्नास जणांच्या पसंतीच्या एकओळीपेक्षा वरचढ निघते.

पहिले तीन महिने मत पक्कं होतं: कारणाच्या ओळीच्या जोडीला लेखकाचं नाव बघा, काम फत्ते. कोरियात मालिकेचा लेखक म्हणजे अर्धी मालिका. एशियनविकीच्या पानावर दिग्दर्शक आणि लेखक अगदी वरच दिलेले असतात, शोधावं लागत नाही. ‘माय मिस्टर’ पार्क हे-यंगची. तिचीच ‘माय लिबरेशन नोट्स’ (2022). तीच घुसमट, तेच कमी बोलणं, सोलला रोज ये-जा करून जीव मेटाकुटीला आलेली तीन भावंडं. कर्जत-कसाऱ्याहून लोकल पकडणाऱ्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ (2019) आवडली असेल तर लेखिका लिम सांग-चुन, तिचीच ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ (2025). ‘आवर ब्लूज’ची लेखिका नो ही-क्यंग, म्हणजे मागे जाऊन ‘डिअर माय फ्रेंड्स’ (2016), जिथे बहुतेक मध्यवर्ती पात्रं म्हातारी आहेत. इथपर्यंत सूत्र चोख.

मग ते फुटलं. किम इउन-सुकने ‘गॉब्लिन’ लिहिली आणि ‘द ग्लोरी’ही. पहिलीच्या प्रेमात पडून दुसरी लावणाऱ्याला पहिल्याच भागात केस कुरळे करायच्या मशीनचे चटके बघावे लागतात. किम इउन-हीने ‘सिग्नल’ (2016) लिहिली, तिनेच ‘किंग्डम’ (2019) लिहिली. एकीत जुनी वॉकीटॉकी आणि न सुटलेले खून, दुसरीत कोरियातल्या जुन्या जोसन राजवटीतले झाँबी. दोन्ही उत्तम, साम्य फक्त मानधनाच्या चेकवरच्या नावात. आणि ‘मिसेंग’? तिची लेखिका वेगळीच आहे. ‘माय मिस्टर’शी तिला जोडतो तो दिग्दर्शक किम वॉन-सोक. ‘सिग्नल’ही त्याचीच, ‘टँजरीन्स’ही त्याचीच. म्हणजे गोष्टीतली माणसं आवडली असतील तर लेखक धरा. हवा, वेग, रात्रीचे रस्ते, कॅमेरा किती वेळ एका चेहऱ्यावर थांबतो हे आवडलं असेल तर दिग्दर्शक धरा. आधी स्वतःला काय आवडलं ते ठरवायचं, मग नाव शोधायचं. उलट्या क्रमाने केलं की महिन्याचे पैसे वाया.

दुसरं मतही मागे घ्यावं लागलं. नट एकच असलेली शिफारस टाकाऊ, असं वर छातीठोकपणे लिहिलंय. तिला एक सणसणीत अपवाद आहे. जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा ‘माय मिस्टर’ बघून त्यातली नायिका ली जी-उनच्या, म्हणजे आययूच्या, कामावर खूश झाला आणि तिला ‘ब्रोकर’मध्ये (2022) घेतलं. सिनेमा कोरियन, दिग्दर्शक जपानी, आणि जी-आनचा, म्हणजे ‘माय मिस्टर’मधल्या त्या पोरीचा, तोच दबलेला चेहरा. तिथून कोरे-एदाच्या ‘शॉपलिफ्टर्स’ (2018 चा पाम दॉर, म्हणजे कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार) आणि ‘स्टिल वॉकिंग’कडे (2008) सरळ रस्ता जातो. तेव्हा दुरुस्त नियम असा: नट एकच आहे एवढं पुरेसं नाही, पण दिग्दर्शकाने त्या नटाला नेमक्या त्याच भूमिकेमुळे घेतलं असेल तर पुरेसं आहे. असे योग क्वचित येतात, म्हणून ती जात टाकाऊच धरा.

मायड्रामालिस्टवरच्या टॅगबद्दल, म्हणजे मालिकेला लावलेल्या विषयाच्या चिठ्ठ्यांबद्दल, थोडक्यात. एकटा टॅग निकामी. ‘स्लाइस ऑफ लाइफ’वर (रोजच्या जगण्याच्या गोष्टी) टिचकी मारली की ढीग पडतो. प्रगत शोधात दोन टॅग एकत्र द्या आणि त्यातला एक कामाचा किंवा जागेचा असू द्या: कुटुंब अधिक छोटं गाव, ऑफिस अधिक मैत्री. देश आणि वर्षही बांधून घ्या. यादी एकदम आटोक्यात येते.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते रिमेक, कारण शिफारशीत ते ‘सारखे’ म्हणून वर येतात आणि ते खरोखरच सारखे असतात. ‘हाना योरी दांगो’ या एका जपानी मांगावरून (चित्रकथेवरून) तैवानने 2001 मध्ये, जपानने 2005 मध्ये, कोरियाने 2009 मध्ये (‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’), चीनने 2018 मध्ये आणि थायलंडने 2021 मध्ये मालिका केली. एक आवडली म्हणून उरलेल्या चार बघणं म्हणजे एकच वरण पाच भांड्यांत. जपानी ‘मदर’ (2010) कोरियात 2018 मध्ये झाली, तुर्कस्तानात त्याआधीच झाली होती. इथे मूळ जपानीच बघा: 11 भाग, आणि लेखक युजी साकामोतो, ज्याला ‘मॉन्स्टर’ सिनेमासाठी 2023 मध्ये कानला पटकथेचा पुरस्कार मिळाला. तो दरवाजा उघडला की त्याचीच ‘क्वार्टेट’ (2017) आतच आहे.

आपल्याकडच्यांसाठी उलटा प्रवासही शक्य आहे. ‘ग्यारह ग्यारह’ (2024) आवडली असेल तर ती ‘सिग्नल’वरूनच केलेली आहे. ‘फर्रे’ थाई ‘बॅड जीनियस’वरून (2017). निशिकांत कामतचा ‘रॉकी हँडसम’ कोरियन ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’वरून (2010). त्याच कामतने हिंदीत केलेल्या ‘दृश्यम’ची मूळ मल्याळी गोष्ट चीनमध्येही गेली, तिथला सिनेमा ‘शीप विदाउट अ शेफर्ड’ (2019). चिनी क्राइमकडे वळायला ती ओळखीची पायरी आहे.

नावांचा घोळ हा स्वतंत्र छळ. इंग्रजी नाव विक्रीसाठी ठेवलेलं असतं, मूळ नावातलं नातं त्यात मरतं. ‘प्रिझन प्लेबुक’ आणि ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ ही नावं वाचून कुणालाही त्या सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत. कोरियनमध्ये दोन्ही नावं एकाच साच्यातली आहेत: ‘सुल्गिरोउन’ अमुक ‘सेंगह्वाल’, म्हणजे शहाणपणाचं तुरुंगजीवन, शहाणपणाचं डॉक्टरी जीवन. दिग्दर्शक दोन्हींचा शिन वॉन-हो, ‘रिप्लाय 1988’वाला. ‘रेसिडेंट प्लेबुक’च्या (2025) मूळ नावातही जवळपास तेच शब्द आहेत. खुद्द ‘माय मिस्टर’ कुठे ‘माय आजोशी’ म्हणून सापडते. हा ‘मिस्टर’ही फसवाच. आजोशी म्हणजे आपण अनोळखी मध्यमवयीन माणसाला ‘ओ काका’ म्हणतो तो काका. तो इंग्रजीत गेला की त्यातलं अंतरही जातं आणि जवळीकही. म्हणून मायड्रामालिस्टच्या पानावरून मूळ लिपीतलं नाव उचला आणि तेच यूट्यूबच्या शोधात चिकटवा. ‘द बॅड किड्स’ (2020) चिनीत ‘लपलेला कोपरा’ अशा अर्थाच्या नावाची आहे. इंग्रजी नावाने शोधलं तर भलतेच व्हिडिओ समोर येतात.

चिनी मालिकांत वेगळी खूणगाठ लागते. तिथे भाग चाळीस-पन्नास, म्हणून निवड चुकली की दंड मोठा. सुरुवात 12 भागांच्या क्राइम मालिकांनी करा. ‘द बॅड किड्स’ आणि ‘द लाँग सीझन’ (2023), दोन्हींचा दिग्दर्शक शिन श्वांग. ‘द लाँग सीझन’ वर खुनाची गोष्ट आहे आणि आत ईशान्य चीनमधल्या पोलाद कारखान्यातून कामगार कमी केले जातात त्याची. 1997, 1998 आणि 2016 असे तीन काळ एकमेकांत विणलेले. गिरणगाव ज्यांच्या घरात होतं त्यांना त्यातला कारखान्याच्या गणवेशाचा अभिमान आणि नंतरची टॅक्सी वेगळीच लागेल. इतकं अचूक साम्य कुठल्याही टॅगमध्ये बसत नाही. त्याच थंड प्रदेशातला सिनेमा हवा तर ‘ब्लॅक कोल, थिन आइस’ (2014 चा सुवर्ण अस्वल, म्हणजे बर्लिन महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार).

थाई मालिकांबद्दल एवढंच की जीएमएमटीव्ही या थाई निर्मिती कंपनीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर बऱ्याच मालिका सबटायटलसह आहेत, पण एकेक भाग चार तुकड्यांत. तुकड्यांचा क्रम तपासून मगच बसा.

आता पैसे. नेटफ्लिक्सने डिसेंबर 2021 मध्ये मोबाइल प्लॅन 199 वरून 149 रुपयांवर आणला. एकच फोन किंवा टॅब, चित्र 480पी, म्हणजे कमी स्पष्ट. सबटायटल त्यातही वाचता येतात. एका वेळी एकच प्लॅटफॉर्म, एका महिन्यापुरता. रोज दीड तास धरला तर महिन्याला 45 तास. 16 भागांची कोरियन मालिका, सव्वा तासाचा भाग, म्हणजे 20 तास. महिन्यात दोन होतात आणि दोन सिनेमे बसतात. दहा-अकरा भागांची जपानी मालिका साधारण 8 तास, म्हणजे पाच. चिनी ‘निर्वाणा इन फायर’चे 54 भाग 45 मिनिटांचे, म्हणजे जवळपास पूर्ण महिना एकीच्या नावावर. आधी यादी, मग जस्टवॉचवर देश भारत ठेवून कुठली कुठे आहे ते, आणि एका प्लॅटफॉर्मवर किमान 40 तासांचा माल जमला तरच पैसे भरायचे. यादी तयार नसताना भरलेला महिना पट्टी चाळण्यात जातो.

सोडून द्यायचं कधी? जपानी एका भागात कळते. कोरियन दोन भागांत, फक्त ‘माय मिस्टर’च्या जातीच्या मालिकांना चार द्या, त्यांचे पहिले दोन भाग मुद्दाम कोंदट असतात आणि बरेच जण तिथेच पळतात. लांब चिनी मालिकेला सहा. आणि लावण्याआधी परीक्षणं वाचायची तर दहापैकी सहा-सात देणाऱ्यांची वाचा. दहा देणारा प्रेमात असतो, एक देणारा सूड घेत असतो. सहावाला नीट सांगतो की नववा ते बारावा भाग रेंगाळतो आणि शेवट घाईत उरकलाय.

वर्गणी भरली की त्याच दिवशी रद्द करून टाका. भरलेला महिना पूर्ण चालतो आणि आपोआप पैसे कापले जात नाहीत. पुढच्या महिन्याच्या यादीत ‘क्वार्टेट’, ‘डिअर माय फ्रेंड्स’ आणि ‘स्टिल वॉकिंग’ आहेत. त्या आणि आणखी काही मिळून एकाच ठिकाणी 40 तास भरेपर्यंत 149 रुपये खिशात.