पाखरांचा सापळा: तीन तारे, तेही हेरगिरीसाठी

दिवाळीनंतर आमच्या दादरच्या स्वयंपाकघरात ट्यूब लावली की दोन-तीन पाखरं वाकडीतिकडी उडायची. सासूबाईंचा संशय उरलेल्या भाजणीवर. भाजणी चाळली, डाळी चाळल्या, काही निघालं नाही. शेवटी हा सापळा मागवला, दोनचा सेट ३८० रुपयांना. पुठ्ठ्याची तिकोनी घडी, आत चिकट कागद, त्यावर बसवायची वाटाण्याएवढी गोळी. गोळीला मादीचा वास असतो म्हणे. आपल्या नाकाला काही कळत नाही.

पहिल्या रात्री सात चिकटली. पंखांचा अंगाकडचा भाग फिकट, टोकाकडे तांबूस. नाव इंडियन मील मॉथ. आपल्याशी संबंध नाही हो. अमेरिकेत मक्याच्या पिठाला इंडियन मील म्हणायचे, त्यावरून आसा फिच यांनी १८५६ मध्ये हे नाव दिलं.

आठवड्याने तेवीस झाली, तरी उडणारी कमी होईनात. कारण वासाला भुलतात ते फक्त नर. मादी आपली शेकड्याने अंडी घालायला मोकळी. शिवाय पाखरू काही खातच नाही, खाते ती अळी. हे खोक्यावर एवढ्याशा अक्षरांत, मागच्या बाजूला!

पण एक झालं. एक सापळा ओट्याजवळ होता, दुसरा माळ्यावर. माळ्यावरचा दुपटीने भरला. वर चढून पाहिलं तर सासऱ्यांची कबुतरांसाठीची ज्वारी! ऑगस्ट २०२५ मध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हापासून पिशवी तशीच. दाणे जाळीने एकमेकांना चिकटलेले, पिशवीला भोकं, आणि छताच्या कोपऱ्यात पांढुरके कोष. कोष करायची वेळ आली की अळ्या धान्य सोडून भिंत चढतात, म्हणून कोष छताला. आणि मूळच माळ्यावर, म्हणून खाली डबे चाळून काही सापडत नव्हतं. पिशवी बांधून थेट कचऱ्यात. माळा, डब्यांच्या झाकणांचे आटे व्हॅक्यूमने काढले, रवा आठवडाभर फ्रीझरमध्ये.

जाहिरातीत ‘सर्व प्रकारच्या पतंगांसाठी’ लिहिलंय, त्याचे दोन तारे कापले. शालींच्या कपाटात महिनाभर ठेवला, शून्य. कपड्यांना लागते ती कसर वेगळ्या जातीची, तिची गोळीही वेगळी लागते.

माळ्यावरचा अजून तिथेच आहे. तीन आठवड्यांत एक पाखरू.