रॉबेन की रिबेरी : विंगवर खेळणाऱ्या पोराला आधी कोण दाखवावा?

उन्हाळ्याची सुट्टी आहे, घरात फुटबॉलमध्ये विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने पुढे, खेळणारं पोर आहे आणि एकाच खेळाडूची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघायची असं ठरलंय. नावं भरपूर सुचतात. मी ती गाळत गाळत दोनांवर आणली : अर्जेन रॉबेन आणि फ्रँक रिबेरी. २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं दोघं जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबच्या दोन कडांना खेळले. गोल आणि ट्रॉफ्यांची यादी इथे देत नाही, ती कुठेही सापडेल. प्रश्न एवढाच आहे, की पोराने आधी कुणाला बघावं.

मी कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून उजव्या विंगला खेळलो. आता रविवारी सकाळी पेठेतल्या मुलांना खेळवतो. एका सुट्टीत त्यांना रॉबेनचे सामने दाखवले, पुढच्या सुट्टीत रिबेरीचे. खाली जे लिहितोय ते त्या दोन सुट्ट्यांवरून लिहितोय. तुमच्या मुलांच्या बाबतीत वेगळं घडू शकेल, हे मान्य.

रॉबेनची वाट आखलेल्या रस्त्यासारखी दिसते. बेडम हे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनजवळचं गाव, तिथला मुलगा आधी ग्रोनिंगेनला, मग २००२ मध्ये पीएसव्ही या डच क्लबला, २००४ मध्ये चेल्सीला, २००७ मध्ये रेआल माद्रिदला. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा वरची, आणि पीएसव्ही, चेल्सी, माद्रिद या तिन्ही ठिकाणी लीगचं विजेतेपद. मग २००९ च्या उन्हाळ्यात माद्रिदने रोनाल्डो आणि ब्राझीलच्या काकाला (Kaká) आणलं, रॉबेनला जागा उरली नाही, आणि ऑगस्टच्या शेवटी तो म्युनिकला आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी वोल्फ्सबुर्गविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने दोन गोल केले.

मुलांना हे सांगताना एक गोष्ट मी मुद्दाम दाखवतो. चेल्सीतला रॉबेन बऱ्याचदा डाव्या कडेला दिसतो, डावखुऱ्याच्या नैसर्गिक जागेवर. आपण ज्याला ‘रॉबेन’ म्हणून ओळखतो, उजवीकडून आत वळून डाव्या पायाने लांबच्या खांबाकडे मारणारा, तो म्युनिकला गेल्यावर, पंचविशी उलटल्यावर पक्का झाला. रिबेरीचंही तसंच. २००६ च्या विश्वचषकात तो फ्रान्सकडून उजव्या कडेला खेळत होता आणि डावी कड त्याची झाली ती बायर्नमध्ये. दोघांनीही आपल्या सोयीची कड सोडली. चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुझी जागा हीच’ असं सांगणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

रॉबेन मुलांना चटकन कळतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. एकच चाल, पण स्वच्छ. चेंडू डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेला, छोटी छोटी पावलं, खांदा खाली, आणि एका क्षणी वेग. पुढे काय होणार हे डिफेंडरला माहीत असतं, तरी तो अर्धं पाऊल मागे राहतो. हे कसं होतं ते मी थांबवून थांबवून दाखवलं. वळायचं कधी हे तो डिफेंडरच्या पायावरून ठरवतो. समोरच्याचं वजन ज्या पायावर गेलं, त्याच क्षणाला तो निघतो. बारा वर्षांच्या मुलालाही हे दिसतं. आमची बहुतेक मुलं उजव्या पायाची, म्हणून आरशात बघितल्यासारखं उलटं करून डावीकडून करायला लावलं. पंधरा दिवसांत चौघांना बऱ्यापैकी जमायला लागलं. शिकवणाऱ्याला असं समाधान फार क्वचित मिळतं.

आणि तिथेच माझं बिनसलं.

आमच्याकडे डाव्या फुलबॅकला, म्हणजे विंगरच्या मागे बचावात, खेळणारा एक मुलगा आहे. सांगितलं तर दिवसभर धावेल असा. विंगर आत वळला की हा बाहेरून वर पळायचा, मोकळ्या जागेत पोचायचा, हात वर करायचा. चेंडू यायचा नाही. विंगर आत वळलेला, मान खाली, आता फक्त गोल दिसतोय. पहिल्या सामन्यात तो आठदहा वेळा पळाला असेल. तिसऱ्या सामन्यात पळायचा थांबला. मी ओरडलो, तर मला म्हणाला, “सर, मी कशाला पळू? बॉल येतोय कुठं?”

त्या रात्री रॉबेनचे तेच सामने परत काढले आणि या वेळी रॉबेनकडे न बघता त्याच्या मागचा फुलबॅक फिलिप लाम याच्याकडे बघत बसलो. लाम बाहेरून पळतोय, मोकळा आहे, रॉबेन आत गेला आणि मारलं. पुन्हा लाम पळतोय, पुन्हा आत आणि मारलं. लामच्या पळण्याचा उपयोग होत होता, यात शंका नाही. त्याच्याकडे एक डिफेंडर ओढला जायचा आणि रॉबेनला आतली वाट मिळायची. लामला हे ठाऊक होतं, म्हणून तो तक्रार न करता नव्वद मिनिटं पळायचा. पण लाम हा लाम आहे. आमचा फुलबॅक तेरा वर्षांचा. पळाल्यावर दर चारपाच वेळांतून एकदा तरी चेंडू पायाशी यावा, एवढी त्याची अपेक्षा रास्त आहे. रॉबेन बघून शिकलेल्या विंगरकडून त्याला ते मिळत नव्हतं. दोष रॉबेनचा असं मी म्हणत नाही, नक्कल करताना मुलं सोपं तेवढं उचलतात. पण काय उचललं जाणार हाही निवडीचा भागच आहे.

रिबेरीची गोष्ट सुरुवातीला सांगायला अवघड जाते. बुलोन्य-सुर-मेर या बंदरातला मुलगा, दोन वर्षांचा असताना मोटार अपघातात चेहऱ्यावर आलेले व्रण आयुष्यभर राहिले. लीलच्या अकादमीतून बाहेर पडावं लागलं. मग बुलोन्य, आलेस, ब्रेस्त. आलेस क्लबचं दिवाळं निघालं तेव्हा हा वडिलांबरोबर बांधकामावर मजुरी करत होता. पुढे मेत्झ, २००५ मध्ये सहा महिने गालातासराय. तिथे फेनरबाहचेविरुद्ध तुर्की कपची फायनल ५-१ ने जिंकली, त्यात त्याचाही गोल होता. पगार थकल्याचं कारण देऊन त्याने करार मोडला. वाद क्रीडा लवादापर्यंत गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. तोवर तो मार्सेयमध्ये होता, आणि २००७ मध्ये बायर्नमध्ये आला. चोवीस वर्षांच्या वयात हा त्याचा सातवा क्लब.

अडचण अशी, की यातलं पहिलं अर्धं बघायला जवळजवळ काही मिळत नाही. मुलांना ते गोष्टीसारखं सांगावं लागतं. चित्रं रॉबेनकडे जास्त आहेत.

पण चित्रं सुरू झाली की रिबेरी वेगळंच काही दाखवतो. त्याची एक ठरलेली चाल नाही. उजव्या पायाचा असून तो डावीकडून आतही जातो आणि बाहेरून रेषेपर्यंतही. दोन डिफेंडर अंगावर आले की तो थांबतो. चेंडूवर पाय ठेवतो, त्यांना आणखी जवळ येऊ देतो, आणि मागून डावा फुलबॅक अलाबा वर आला की त्याच्यासाठी मोकळी झालेली जागा आधीच तयार असते. हे थांबणं शिकवायला अतिशय कठीण आहे. पंधरा दिवसांत काहीच दिसलं नाही. महिना गेल्यावर एका मुलाने पहिल्यांदा चेंडू धरला, मान वर केली, फुलबॅकची वाट बघितली आणि दिला. क्रॉस वाईट गेला. पण आमचा फुलबॅक परत पळायला लागला होता.

रॉबेनच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर अन्याय होईल. पहिली, हरून परत येणं. २०१० च्या विश्वचषक फायनलमध्ये तो एकटा स्पेनचा गोलकीपर कासियासच्या समोर होता आणि चेंडू कासियासच्या पायाला लागून बाहेर गेला. २०१२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये म्युनिकच्याच मैदानावर, जुन्या क्लबविरुद्ध म्हणजे चेल्सीविरुद्ध, जादा वेळेत त्याची पेनल्टी गोलकीपर पेत्र चेकने अडवली. पुढच्या हंगामात त्याची जागाही पक्की नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये युव्हेंटसविरुद्ध संघातला टोनी क्रोस जखमी झाला म्हणून त्याला संधी मिळाली, आणि मे महिन्यात वेम्बलीवर ८९ व्या मिनिटाला त्यानेच चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. दुखापतींनी सतत मोडणाऱ्या शरीरासह हे सगळं. खचलेल्या मुलाला दाखवायला याहून चांगलं मला तरी सुचत नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. रिबेरीचा पारा चढायचा. २०१० च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये ल्योंविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं आणि इंटरविरुद्धची फायनल बाहेर बसून बघावी लागली. त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सच्या संघाने सरावावर बहिष्कार टाकला, त्यासाठी त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली. मुलांपासून हे लपवू नये. रॉबेनला याच्या जोडीला फाउल मिळवण्यासाठी मुद्दाम पडण्याची सवय होती. २०१४ मध्ये मेक्सिकोविरुद्ध पूर्वार्धात आपण मुद्दाम पडलो, हे त्याने स्वतः कबूल केलं. आमच्या मुलांनी तेही उचललं होतं आणि ते सोडवायला बराच वेळ गेला.

तुमचं पोर एकटं खेळतं, भिंतीवर चेंडू मारत बसतं, आत्मविश्वास कमी आहे, अशी स्थिती असेल तर रॉबेनने सुरुवात करायला हरकत नाही. एक चाल हातात आली की मूल फुलतं. पण ते कुठल्याही संघात खेळत असेल आणि त्याच्या मागे कुणी फुलबॅक धावत असेल, तर मी आधी रिबेरी दाखवेन. घाई नसेल तर नक्कीच.

सुरुवात ७ एप्रिल २०१० च्या ओल्ड ट्रॅफर्डवरच्या सामन्याने करा. त्या दिवशी रिबेरी २७ वर्षांचा झाला होता. रॉबेनची ती व्हॉली सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही कॉर्नर बघा. गर्दीत न टाकता रिबेरीने चेंडू मागे, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला मोकळ्या उभ्या असलेल्या रॉबेनला दिला. मग २०१३ ची बार्सेलोनातली सेमीफायनल : पिकेचा स्वयंगोल आणि म्युलरचा हेडर, दोन्ही रिबेरीच्या क्रॉसवर. त्यानंतर वेम्बली. पहिल्या गोलाआधी रिबेरी रॉबेनला डावीकडे मोकळं करतो आणि रॉबेन मांजुकिचला देतो. या ठिकाणी रॉबेनने मान वर केली आहे, हेही मुलांना दाखवा. मग ८९ वं मिनिट. बोआटेंगचा लांब चेंडू, रिबेरी गोलकडे पाठ करून, अंगावर डिफेंडर. तिथे चित्र थांबवा आणि पोराला विचारा, आता तू काय करशील? आमच्याकडे बहुतेकांनी सांगितलं, वळून मारणार. फक्त फुलबॅकवाला म्हणाला, “मागनं कोण येतंय बघणार.” मग पुढे चालू करा, म्हणजे रॉबेनकडे चेंडू सरकवणारी रिबेरीची टाच दिसेल.