बटणं, सेल आणि ओली बोटं: भटकंतीला फोन न्यावा की जीपीएस?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंड स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. "मामा, सप्टेंबरमध्ये बाइकवरून स्पितीला चाललोय, त्याआधी पावसात दोन-तीन ट्रेक आहेत. हातातलं जीपीएस घेऊ, की त्याच पैशात दणकट फोन? का सरळ छोटा टॅब?" रात्री बोलू म्हटलं. रात्री तासभर बोललो आणि एकमत काही झालं नाही. तेच बोलणं जरा नीट करून इथे लिहितोय, कारण पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच.

नकाशा आणि संगणक एकाच खिशात हवेत, ही हाव जुनी आहे. 2003 मध्ये गार्मिनने आयक्यू 3600 काढला होता: तळहातावर मावणारा, पाम ओएसवर चालणारा, मागची अँटेना उलगडून आकाशाकडे धरायचा. पत्ते, वेळापत्रक आणि नकाशा सगळं एकत्र. 2007 मध्ये नोकियाचा एन95 आला, जीपीएस आतच आणि बॅटरी 950 एमएएचची. नकाशा उघडला की ती डोळ्यांदेखत उतरायची. आज बॅटरी पाचपट झाली, पण भांडण तेच राहिलं. सगळं करणाऱ्या यंत्राला सगळ्यासाठी बॅटरी एकच असते. फोटो, गाणी, यूपीआय, घरच्यांचे फोन हे सगळं तिच्यावर, आणि शेवटी अंधारात वाट शोधायचीही तिच्यावरच.

तुलनेआधी एक गैरसमज. "तिकडे रेंज नसते, मग फोनचं जीपीएस कसं चालेल?" चालतं. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत, त्यांचा मोबाइल टॉवरशी संबंध नाही. रेंज असली की उपग्रहांची माहिती नेटवरून पटकन मिळते, एवढाच फायदा. नसली तर फोन ती थेट उपग्रहाकडून घेतो, त्याला उघड्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट किंवा थोडं जास्त लागतं. लोक दहा सेकंद बघतात आणि "बंद पडलं" म्हणून फोन खिशात टाकतात. रेंज जाते तेव्हा जीपीएस शाबूत असतं, नकाशा मात्र नसतो, कारण तो आधी उतरवून घेतलेला नसतो.

शहरापुरतं बोलायचं तर तुलना दोन ओळींत संपते. मुंबईत फोनच. जे. जे. उड्डाणपूल, सी लिंक, कोस्टल रोड यांवर दुचाकीला बंदी आहे. फोनमध्ये दुचाकीचा पर्याय निवडता येतो, ट्रॅफिक दिसतो, लोकलसाठी एम-इंडिकेटर आहे. हातातल्या जीपीएसवर परळमधली एखादी चाळ शोधून दाखवा, मी चहा पाजतो. आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे मात्र दोघांनाही धड कळत नाही.

खरी तुलना सुरू होते ती कसारा-कर्जतच्या पुढे.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत राजमाचीहून कोंढाण्याच्या बाजूने उतरत होतो. उधेवाडी सोडली तेव्हा धुकं असं, की पुढच्याची सॅक दिसेना. उतारावर वाट फुटली. त्या रानात ढोरवाटा इतक्या, की मळलेली वाट कोणती हे गुरांनाच विचारावं. फोन पिशवीतून बाहेर काढला. बाण बरोबर जागेवर होता. पुढचं बघायला म्हणून बोट टेकवलं, तर पावसाच्या थेंबांनी आधीच चार बोटं टेकवलेली. नकाशा सरसर सरकत अरबी समुद्रात गेला, मग लहान होत होत अख्खा भारत दिसायला लागला. पुसायला शर्ट धरला, तर शर्टही चिंब. तेवढ्यात सोबतच्या काकांनी गळ्यातलं बटणवालं यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच दोनदा दाबलं आणि म्हणाले, "डावीकडची सोड, ती ओढ्यात उतरते."

फोन जलरोधक होता, बिघडला काहीच नाही. पण आत पाणी न जाणं वेगळं आणि ओल्या बोटांनी चालणं वेगळं. आपल्या फोनची स्क्रीन बोटातली वीज ओळखते, आणि पाण्याचा थेंब तिला बोटासारखाच वाटतो. बटणांना याच्याशी देणंघेणं नाही. फोनवरच भागवायचं असेल तर ऑस्मअँड या नकाशाच्या ॲपमध्ये आवाजाच्या बटणांनी नकाशा लहान-मोठा करायची सोय आहे, ती घरूनच चालू करून ठेवा. मला ही सोय त्या जुलैनंतर कळली.

आता बटणवाल्यांकडे. आपल्याकडे नाव निघतं ते गार्मिनच्या ईट्रेक्सचं. 22एक्स आणि 32एक्स दिसायला जुळे: 2.2 इंची स्क्रीन, सेल घालून 142 ग्रॅम वजन, दोन पेन्सिल सेल, कंपनीच्या म्हणण्यानुसार 25 तास. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालावं, अशा दर्जाचं. स्क्रीन छोटी, रंग फिके, पण उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसते. आपला महागडा फोन तापला की स्वतःच मंद होतो. बाकी बाबतीत ही यंत्रं वीस वर्षं मागे आहेत. नाव टाइप करायचं तर एकेक अक्षर कळीने शोधत बसा.

ही जुळी भावंडं एका बाबतीत मात्र अगदी वेगळी आहेत, आणि ते दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. 22एक्समध्ये होकायंत्र नाही. तुम्ही चालत असाल तर सरकत्या जागेवरून ते दिशा काढतं. थांबलात की त्या बाणाचा भरवसा नाही. धुक्यात माणूस चुकला की पहिल्यांदा थांबतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी दिशा गायब. 32एक्समध्ये होकायंत्र आहे, शिवाय हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटरही. सह्याद्रीत ही उंची फार उपयोगी पडते. आपण पदरातच (डोंगराच्या मधल्या सपाटीवर) आहोत की सोंडेवर (उतरत्या धारेवर) चढून आलो, हे आडव्या नकाशापेक्षा उंचीवरून लवकर कळतं. घ्यायचंच तर 32एक्स, पैसे कमी पडत असतील तर थांबा. स्वस्त फोनांचंही तसंच: काहींत होकायंत्राचा सेन्सर नसतोच. आणि असला तरी चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर त्याची पार वाट लावतं.

बॅटरीवर भाचा आणि मी सर्वात जास्त भांडलो. तो म्हणतो, 5000 एमएएचचा फोन आणि पॉवर बँक असताना पेन्सिल सेल कोण बाळगतं? बरोबर आहे, पण फोन दरीत उतरला की बॅटरी नकाशापेक्षा टॉवर शोधण्यात जास्त जळते. म्हणून गाव सोडलं की विमान मोड. त्यात जीपीएस चालूच राहतं. एखाद्या फोनवर लोकेशन पुन्हा चालू करावं लागतं, एवढंच. स्क्रीन बंद ठेवून नुसती वाट नोंदवायला लावली तर साधा फोनही दिवसभर आरामात टिकतो. सेलची खरी गंमत तिसऱ्या दिवशी कळते. पायथ्याच्या गावात वीज नसेल, पण घड्याळात घालायचे सेल दुकानात मिळतात. ते साधे सेल 25 तास देणार नाहीत, त्याच्या कितीतरी आधी मान टाकतील. तरी घरी पोहोचण्यापुरते पुरतात. घरून निघताना चांगले रिचार्जेबल न्या. स्पितीच्या थंडीत फोन असो की सेल, रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं.

बाइकवाल्यांसाठी आणखी एक. हँडलवर फोन लावून हजार किलोमीटर जायचं असेल तर कॅमेऱ्याचा विचार करा. मोठ्या इंजिनाच्या दुचाकीच्या थरथराटाने आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच 2021 मध्ये दिला होता. भाच्याचा फोन नवाकोरा, तोही फोटोंसाठी घेतलेला. तो हँडलवर लावायचा म्हणजे लग्नातला शालू नेसून शेणाने अंगण सारवण्यातला प्रकार.

नकाशांबद्दल. गुगल मॅप्स ऑफलाइन उतरवता येतो, पण त्या अवस्थेत गाडीचे रस्ते सांगतो, पायी वाट सांगत नाही. ट्रेकला त्याचा उपयोग पायथ्याच्या पार्किंगपर्यंत. पुढे ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर, चालणारी ॲप: ऑरगॅनिक मॅप्स हलकं आणि सोपं, ऑस्मअँड किचकट पण समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाखवणारं. मी ऑस्मअँडवाला. हेच फुकट नकाशे ईट्रेक्सच्या मेमरी कार्डवरही चढवता येतात, फक्त एक संध्याकाळ संगणकासमोर डोकं खाजवायची तयारी हवी. फोनवर हेच काम चहा उकळेपर्यंत होतं. एखाद्या जाणत्याने नोंदवलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल दोन्हीकडे चालते. नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत) किंवा कड्याच्या अगदी पोटाशी मात्र दोन्हीकडचा बाण उड्या मारतो, कारण उपग्रहाच्या लहरी कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. एल1 आणि एल5 अशा दोन्ही लहरी पकडणारे फोन इथे जरा सावरतात. खोक्यावर नाविक (भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) लिहिलंय का हे बघण्यापेक्षा मी दुहेरी लहरींची चौकशी करीन. नाविक आपलं आहे, असलं तर छानच, पण निव्वळ त्यासाठी फोन बदलू नका.

टॅब आणि दणकट फोन यांना एक परिच्छेद पुरे. आठ इंची टॅब कोकणात गाडीने फिरताना मस्त. शेजारच्या सीटवरून काकूसुद्धा नकाशा वाचते. पण घेताना बघा: आयपॅडच्या फक्त वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतंच, ते सिमवाल्यातच असतं. हे न कळल्याने हळहळलेले दोन जण माझ्या ऑफिसातच आहेत. दणकट फोन पडला तरी फुटत नाही आणि बॅटरी राक्षसी, पण खिशात वीट ठेवल्यासारखं वाटतं, आणि ओल्या बोटांचं दुखणं तिथेही आहेच.

बोलणं इथवर आलं तेव्हा ताईने त्याच्या हातून फोन घेतला. "ते जीपीएस घेतलं की हा कुठे आहे ते मला दिसेल ना रे?" नाही दिसणार. जीपीएस फक्त ऐकतं, कोणाला काही सांगत नाही. सांगणारी यंत्रं वेगळी, थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारी, आणि तिथे जपून. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असं संदेशयंत्र बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. गार्मिनची इनरीच त्यातच मोडते, आणि जीपीएसमॅप 66आयसारख्या मॉडेलमध्ये ती आतच बसवलेली असते. परदेशी पाहुण्यांना यावरून विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. परदेशातून कोणी भेट म्हणून आणत असेल तर आधी मॉडेल विचारा. साध्या ईट्रेक्सला हा प्रश्न नाही. ताईला म्हटलं, कुठून चढणार, कुठे उतरणार, कधी परतणार, हे त्याच्याकडून लिहून घे आणि फ्रिजवर लाव. आणि त्याला सांगितलं, रेंज मिळाली तर 112 ला अक्षांश-रेखांश सांग, दशांशात चार आकड्यांपर्यंत. तेवढ्याने साधारण 11 मीटरपर्यंत नेम लागतो.

मग घ्यायचं काय? हिवाळ्यातले एकदिवसीय ट्रेक करणाऱ्याने काहीच घेऊ नये. आहे तो फोन, उतरवलेला नकाशा, पॉवर बँक. पावसात पाच-सहा जणांना घेऊन जाणाऱ्याने, किंवा दोन-तीन मुक्काम रानात करणाऱ्याने 32एक्स घ्यावं, आणि फोन सॅकमध्ये कोरडा ठेवावा. माझं जुनं यंत्र हल्ली बाजूचं रबर सोडतंय, ते गेलं की मीही तेच घेईन. भाचा या दोन्हींच्या मधला, म्हणून त्याला तिसरंच सुचवलं: ड्रॉवरमध्ये पडलेला चार वर्षांचा जुना फोन. नवी बॅटरी टाक, सिम काढ, ऑस्मअँडशिवाय बाकी सगळं पुसून टाक. हँडलवर तो, ट्रेकला तो. नवा फोन फोटोंना आणि घरी फोन करायला. दोन यंत्रं, दोन बॅटऱ्या, खर्च फक्त एका बॅटरीचा.

"दोन-दोन फोन सांभाळायची कटकट," असं म्हणत का होईना, कामाला लागला. त्याला एक परीक्षा दिली होती: घाटकोपरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून जागेची नोंद कर, दुसऱ्या दिवशी तिथेच ये आणि फोन किती मीटर अंतर दाखवतो ते बघ. काल रात्री मेसेज आला. जुना फोन चार मीटर, नवा सहा. पण जुन्याची उत्तर दिशा म्हणे चेंबूरकडे दाखवतेय.

कव्हर काढ, म्हटलं.

दोन मिनिटांनी उत्तर: "आली ठाण्याकडे."