ईमॅक्समधलं व्हीटर्म: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून माझं टर्मिनलचं, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायचं, सगळं काम ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आत, व्हीटर्म नावाच्या टर्मिनलमध्ये चालत होतं. काम दोन तऱ्हेचं. दिवसा गोव्यातल्या माशेलच्या घरी बसून डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालवणारे तीन सर्व्हर सांभाळायचे, आणि रविवारी गावच्या वाचनालयातल्या मराठी पुस्तकांची यादी गिटमध्ये, म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नीट लावायची. पहिल्या कामासाठी व्हीटर्म आता मला सोडवत नाही. दुसऱ्या कामासाठी मात्र डिसेंबरात मी ते बंद केलं. मला ही माहिती मराठीत कुठेच मिळाली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मी ईमॅक्समधलंच अ‍ॅन्सी-टर्म वापरत होते. ते पूर्ण लिस्प भाषेत लिहिलेलं, त्यामुळे लॉग (सर्व्हरच्या नोंदी) भराभर वाहायला लागला की धापा टाकायचं. शिवाय ते सर्व्हरला आपली ओळख ‘ईटर्म-कलर’ अशी सांगतं. जुन्या सर्व्हरला ही ओळख माहीतच नसते, मग टॉप (सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडायला गेलं की टर्मिनलचा प्रकार अनोळखी म्हणून नकार. व्हीटर्मचं इंजिन लिबव्हीटर्म, सी भाषेतलं, निओव्हिम या दुसऱ्या संपादकाच्या आत असतं तेच. ओळख सांगतं ‘एक्सटर्म-२५६कलर’, आणि ती बहुतेक ठिकाणी चालते. वेगातला फरक पहिल्याच दिवशी जाणवला.

बसवताना अडले ते एका पॅकेजपाशी. व्हीटर्म पहिल्यांदा चालवलं की ते स्वतःचं मॉड्यूल (सी भाषेतला भाग) तिथल्या तिथे कंपाइल करतं, म्हणजे बांधून घेतं. त्यासाठी सीमेक, मेक आणि लिबटूल ही साधनं लागतात. मी डेबियनचं लिबटूल बसवलं, तरी ‘लिबटूल सापडत नाही’ हाच हट्ट. डेबियनमध्ये लिबटूल नावाची आज्ञा लिबटूल-बिन या वेगळ्या पॅकेजात ठेवली आहे, हे कळायला अख्खी संध्याकाळ गेली. दुसरं म्हणजे, मशीनवर लिबव्हीटर्म आधीपासून नसेल तर ते नेटवरून उतरवलं जातं. बाहेर मुसळधार पाऊस आणि नेट बंद असताना हे काम काढू नका. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत डेबियन १३ वर गेले तेव्हा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायच्या आधीच ‘व्हीटर्म-मॉड्यूल-कंपाइल’ चालवून मॉड्यूल पुन्हा बांधून घेतलं. पाच मिनिटांचं काम.

खरी डोकेदुखी कळांची. ऑगस्टात फोंड्याहून मामेभावाचा फोन आला. माझं ऐकून त्यानेही व्हीटर्म घेतलं होतं.

“ताई, सर्व्हरवर नॅनो एडिटर उघडलाय. कंट्रोल-एक्स दाबतो, पण बाहेरच पडत नाही.”

“खाली काय दिसतं?”

“खालच्या ओळीत सी-एक्स आणि एक रेघ.”

“म्हणजे ती कळ नॅनोपर्यंत पोचलीच नाही रे. ईमॅक्सने मधेच घेतली.”

व्हीटर्म बहुतेक सगळ्या कळा शेलकडे (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) पाठवतं, पण काही स्वतःकडे राखून ठेवतं. त्यांची यादी ‘व्हीटर्म-कीमॅप-एक्सेप्शन्स’मध्ये आहे. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-जी, ऑल्ट-एक्स वगैरे त्यातच. चालू प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दोनदा दाबायचं, हे दोन दिवसांत बोटांना कळतं. बाकीच्यांसाठी मी कंट्रोल-क्यूवर ‘व्हीटर्म-सेंड-नेक्स्ट-की’ बांधून ठेवलं. त्यानंतरची कळ थेट आतल्या प्रोग्रॅमला जाते. मामेभावाला फोनवरच ही एक ओळ लिहायला लावली आणि त्याचा नॅनो सुटला.

कंट्रोल-एसची गोष्ट याच्या उलट. ईमॅक्समध्ये ते शोधायला वापरतो, म्हणून बोट आपसूक तिथे जातं. पण व्हीटर्म ते शेलकडे पाठवतं, आणि टर्मिनलच्या फार जुन्या रिवाजाप्रमाणे कंट्रोल-एस म्हणजे ‘लिहिणं थांबव’. पडदा गोठतो. मी घाबरून दोनदा अख्खं बफर (ईमॅक्समधलं ते उघडं पान) मारलं, आत चाललेल्या कामासकट. उपाय एवढाच: कंट्रोल-क्यू शेलपर्यंत पोचवलं (माझ्या बांधणीत दोनदा दाबून) की गाडी पुढे चालू. हा रिवाज नकोच असेल तर बॅश या शेलच्या सेटिंगच्या फायलीत एसटीटीवाय या आज्ञेला उणे आयएक्सऑन सांगून ठेवायचं.

एक दोष मी उगाच व्हीटर्मच्या माथी मारला होता. लांब आज्ञा लिहिताना ओळ खाली उतरायच्या ऐवजी स्वतःवरच चढायची. आठवडाभर ईमॅक्सच्या सेटिंगा ढवळल्या. शेवटी कळलं, माझ्या बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये (आज्ञेच्या आधी दिसणाऱ्या मजकुरात) रंगाचे कोड होते, पण त्यांच्याभोवती तिरक्या रेघेसह चौकटी कंस नव्हते. त्यामुळे बॅश रंगाचे कोडही दिसणारी अक्षरं म्हणून मोजत होतं. कंस घातले आणि ओळ सरळ झाली. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: आधी तीच गोष्ट साध्या टर्मिनलमध्ये करून बघायची, मग ईमॅक्सला हात लावायचा.

एवढा खटाटोप करून मी टिकले ती कॉपी-मोडमुळे. जुलैतली रात्र, वीज नाही, इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप. एका सर्व्हरवर बॅकअप फसला होता. लॉगच्या शेकडो ओळी पडद्यावरून सरकून गेल्या. कंट्रोल-सी, कंट्रोल-टी दाबलं आणि ते सगळं साधा मजकूर झालं. नेहमीच्या कळांनी शोधलं, डिस्क भरल्याची ओळ सापडली. त्याच्या चार ओळी वर कोणत्या फोल्डरने जागा खाल्ली तेही होतं. तेवढा तुकडा निवडून एंटर मारलं, आणि शेजारच्या टिपणात चिकटवला. माउस नाही, खिडक्या बदलणं नाही. ज्या हातांनी लिहिते त्याच हातांनी लॉग वाचते, हे सुख मला दुसऱ्या कुठल्या टर्मिनलने दिलं नाही. मागच्या ओळी मुळात १,००० च ठेवल्या जातात, मी त्या १०,००० केल्या. कमाल मर्यादा १,००,००० आहे. कॉपी-मोडमधून बाहेर यायचं विसरलात तर टर्मिनल मेल्यासारखं वाटेल, तेवढं लक्षात असू द्या.

ईमॅक्स बंद पडलं की आतलं टर्मिनलही जातं. म्हणून सर्व्हरवर टीमक्स (तिथलं सत्र चालू ठेवणारा प्रोग्रॅम) हवंच. नेट गेलं तरी काम तिकडे चालू राहतं.

आता देवनागरी. इथे माझं मन दुखलं. यादीत देणगीदाराच्या गावाचा एक रकाना आहे. त्यात ‘म्हार्दोळ’ घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं तीन, युनिकोडच्या हिशेबात चिन्हं नऊ. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. कुठल्या चिन्हाला किती घरं द्यायची हे ते चिन्हागणिक ठरवतं. ईमॅक्स मात्र जोडाक्षर जोडून, रफार डोक्यावर चढवून, फाँटच्या रुंदीने शब्द काढतं. दोघांचा हिशेब जुळत नाही. कर्सर ‘ळ’च्या पुढे असायला हवा तिथे दोन घरं भलतीकडे दिसतो, रकाने वाकडे होतात, आणि खोडायला जावं तर वेगळंच अक्षर खोडलं जातं. त्या बफरपुरता ‘ऑटो-कंपोझिशन-मोड’ बंद केला तर कर्सर बराच ताळ्यावर येतो, पण अक्षरं सुटी होतात, हलन्त उघडे पडतात. आपली भाषा अशी मोडलेली तासभर वाचवत नाही. हा दोष एकट्या व्हीटर्मचा नाही. चौकटींवर चालणाऱ्या बहुतेक टर्मिनलांची देवनागरीशी हीच ओढाताण आहे.

फायलींच्या मराठी नावांचा त्रास मात्र सुटला. गिट ‘क’च्या जागी ३४०, २४४, २२५ असे आकडे दाखवत होतं. गिटची ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग फॉल्स केली आणि नावं नावांसारखी दिसू लागली.

यादीचं काम आता मॅगिटमध्ये, म्हणजे ईमॅक्समधूनच गिट चालवणाऱ्या पॅकेजात, करते. ते ईमॅक्सचं साधं बफर, चौकटी नाहीत, त्यामुळे बदललेली ओळ जशी लिहिली तशीच समोर येते. गेल्या रविवारी तिथूनच ‘म्हार्दोळ’च्या रकान्यातला चुकलेला रफार सापडला, जो व्हीटर्ममध्ये मी तीन वेळा वाचूनही मला दिसला नव्हता.