साडेदहा इंची टॅबवर सुपरहिरो: नऊ महिन्यांनंतर

टॅब घेतला तो कॉमिक्ससाठीच. घरी 'ऑफिसच्या कामाला लागतो' असं सांगितलं होतं, ते बिंग आता फुटलंय. साडेदहा इंची पडदा, वर्षाची वर्गणी भरलेलं एक कॉमिक्सचं ॲप आणि वेगळी विकत घेतलेली पाच-सहा डिजिटल पुस्तकं, असा हा संसार. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आज तीन देतो, त्यातला एक रात्री दिवा न लावता वाचता येतं याचा.

आधी मापाचं बोलू. अमेरिकन कॉमिकचं पान साधारण १७ सेंटिमीटर रुंद, २६ उंच. माझा पडदा जेमतेम १४ रुंद. म्हणजे पान सहाव्या हिश्श्याने आक्रसतं. किरकोळ वाटतं ना? मग फ्रँक मिलरचं बॅटमॅनवरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' (१९८६) उघडा. पानावर सोळा चौकटींची जाळी, तीत टीव्हीवरच्या निवेदकांची अखंड बडबड. माझा चाळिशीचा चष्मा तिथे हात टेकतो.

यावर ॲपचा तोडगा असा, की टिचकी मारली की एकेक चौकट पडदाभर मोठी होऊन येते. दोन महिने मी या सोयीवर खूश होतो. मग लक्षात आलं, आपण पुस्तकाची वाट लावतोय. मिलर तुम्हाला बारक्या चौकटींत कोंडून ठेवतो आणि पान उलटताच अख्खं पान एकाच चित्राला देऊन टाकतो. सगळी गंमत त्या फरकात आहे. ॲपच्या टिचक्यांत निवेदकाचं तोंड आणि बॅटमॅनची झेप एकाच आकाराची. मेसमध्ये भाजी, आमटी, श्रीखंड सगळं एकाच डावाने वाढावं, तसं.

'वॉचमेन'ने तर माझं वाचनच उघडं पाडलं. ॲलन मूरचं लेखन, डेव्ह गिबन्सची चित्रं, १९८६-८७ मधले बारा अंक. बहुतेक पानं नऊ चौकटींच्या शिस्तीत, त्यामुळे टॅबवर नीट बसतात. पाचवं प्रकरण टिचक्या मारत वाचलं, आवडलं, पुढे गेलो. दिवाळीत मित्राकडे छापील प्रत हाताला लागली. फराळ बाजूला ठेवून (बोटं पुसून, तो फार जपतो) त्याच प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं पान दोन बोटांत धरलं आणि थबकलो. चौकटींची मांडणी आरशात पाहावी तशी. पहिल्या पानावर पावसाचं डबकं, शेवटच्यावरही डबकं. दुसरं पान आणि शेवटून दुसरं, तिसरं आणि शेवटून तिसरं, असं सरकत सरकत मधलं जोडपान येतं आणि तिथली मारामारी दोन पानांवर समोरासमोर तोललेली. नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं! टॅबवर ते जोडपान मधोमध चिरलेलं. आडवा धरला तर एकेक पान जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद होतं. आणि दोन पानांत बोटं घालून मागे-पुढे करायचं तर कागदच लागतो. त्याच आठवड्यात कागदी प्रत मागवली.

काही पुस्तकं पडद्यावर छान टिकतात, हेही सांगायला हवं. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वायटली यांचं 'ऑल-स्टार सुपरमॅन' पहिल्याच पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत सुपरमॅनची सगळी जन्मकथा उरकतं. ते फोनवरही वाचा, काही बिघडत नाही. 'बॅटमॅन: इयर वन' मात्र उजेड कमी करून वाचा. चित्रकार डेव्हिड मझुकेलीचं मळकट, थकलेलं गॉथम (बॅटमॅनचं शहर) झगझगीत पडद्यावर नुकतंच रंग दिल्यासारखं दिसतं.

वर्गणीबद्दल माझं मत कडू आहे. हजारो अंक समोर, आणि नऊ महिन्यांत मी अर्धवट सोडलेल्या कथाच जास्त. एक गोष्ट पुरी करायला पाच वेगळ्या मालिकांचे अंक शोधत फिरायचं, आणि शेवटी कोणी मेलं तरी रडायची सोय नाही. सुपरमॅनला १९९२ मध्ये मारलं, १९९३ मध्ये परत आणलं. आपल्या संध्याकाळच्या मालिकांची आठवण होते. मी रद्दीवाल्याकडच्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो, तिथला मुखवटेवाला वेताळ (इंग्रजीतला फँटम) या बाबतीत चोख होता. तो घराण्यातला एकविसावा. आधीचे वीस खरोखर मेले, मुलाने बापाचा मुखवटा चढवला आणि लोक समजले तोच अमर आहे. मरण मोजलं जात होतं, म्हणून त्या मुखवट्याला वजन होतं. तेव्हापासूनचा कल असेल, पण मला संपणारी गोष्ट लागते.

लेकीचं मत अगदी उलट. ती तेरा वर्षांची, २०१४ पासूनची 'मिस मार्व्हल' वाचतेय. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली त्याची नायिका कमला खान तिला आपल्या वर्गातलीच वाटते. चौकट-चौकट टिचक्या मारत ती शाळेच्या बसमध्ये एका अंकाचा फडशा पाडते. मी पानाच्या मांडणीवर प्रवचन सुरू केलं तर म्हणाली, "बाबा, तुला चष्म्याचा नंबर बदलायचाय, दुसरं काही नाही."

नंबर बदलला. सोळा चौकटी अजूनही बारीकच दिसतात. वर्गणी तीन महिन्यांनी संपतेय. पुढच्या वर्षीची लेकीच्या खाऊच्या पैशांतून अर्धी, असा तह झालाय. बदल्यात टॅब तिचा आणि दिवाणखान्यातलं वरचं फडताळ माझं.