पहिल्या सायकोसिसनंतरची सेवा: सिस्टरना पाच तारे, व्यवस्थेला तीन

धाकट्या भावाला पहिल्यांदा सायकोसिस झाला, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटलं, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तेव्हापासून आम्ही इथे येतोय. डॉक्टर चांगले आहेत, पण घाईत असतात. खरं काम सिस्टर करतात.

पहिल्याच भेटीत तो म्हणाला, भिंतीपलीकडचे लोक माझ्याबद्दल बोलतात. यावर घरी आम्ही एकतर वाद घालायचो, नाहीतर "हो हो" म्हणून वेळ मारून न्यायचो. सिस्टर म्हणाल्या, "मला ते आवाज येत नाहीत. पण तुला येतात आणि त्यापायी तुझी झोप उडालीय, हे दिसतंय. कधी जास्त येतात?" रात्री, एकटा असताना, गांजा ओढल्यावर... तो भडाभडा बोलायला लागला. गांजाचं आम्हालाही तेव्हाच कळलं. आईने तोंड उघडायच्या आत सिस्टरनी तिला नजरेनेच थांबवलं. घरात सतत टोमणे असले की आजार उलटायचा धोका वाढतो, हे नंतर बाजूला घेऊन समजावलं.

रिस्पेरिडोन या सायकोसिसवरच्या गोळीचा डोस वाढवल्यावर तो एका जागी बसेना. नुसत्या येरझारा. आम्हाला वाटलं, आजारच उफाळला. सिस्टरनी त्याला समोर उभं केलं, पायांकडे बघत राहिल्या आणि विचारलं, "कुणाच्या भीतीने फिरतोस, की पायच स्वस्थ बसू देत नाहीत?" पायच, म्हणाला. हा अकाथिसिया, म्हणजे गोळीचा त्रास. त्यांनी लगेच डॉक्टरांना गाठलं, डोस खाली आला आणि पोरगा जेवायला बसला. आजार समजून डोस आणखी वाढवला असता तर त्याने गोळ्याच टाकून दिल्या असत्या. वजन, कमरेचा घेर, रक्तातली साखर यांच्या नोंदीही त्या न चुकता ठेवायच्या.

आता तक्रार. मध्येच सिस्टरांची बदली झाली, आम्हाला आधी कुणी सांगितलंही नाही. नव्या ब्रदरनी केस पेपर पुढ्यात असताना सगळं पहिल्यापासून विचारलं. हा गप्पच. संशय हाच ज्याचा आजार, त्याच्यापुढे अचानक नवा चेहरा आणून बसवायचा? पहिल्या सायकोसिसवर तरुणांना उपचार देणाऱ्या मेलबर्नच्या 'एपिक' केंद्रात १९९२ पासून जी पद्धत रुजली, तिच्यात प्रत्येक तरुणामागे एक ठरलेला माणूस असतो. इथेही माहितीपत्रकावर तसंच छापलंय!

ब्रदरशी आता जमतंय. तरी जाणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या: आमचा माणूस रजेवर गेला तर कोण, आणि रात्री फोन कुणाला करायचा?