पंख वर की पंख खाली? ग्रेट ओशन रोड लहान विमानातून पाहणाऱ्यांसाठी

मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला मेलबर्नला जाणारी कोल्हापूरची मंडळी आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत, आणि तिथे पोहोचल्यावर ग्रेट ओशन रोडचा किनारा पाहायचा हे बहुधा ठरलेलेच असते. ज्यांनी तो वैमानिकासह भाड्याने मिळणाऱ्या चार आसनी विमानातून पाहण्याचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. भाडे, वेळ आणि हवामान यांची चौकशी सगळेच करतात. विमानाचे पंख छतावर आहेत की पोटाखाली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्ही उभयतांनी दोन वेगवेगळ्या खेपांत दोन्ही प्रकारच्या विमानांतून हा किनारा पाहिला. दोन फेऱ्यांवरून नियम बांधू नये हे मान्य करूनही, माझा कौल कोणीकडे झुकला आहे हे मी फार काळ लपवू शकणार नाही.

आम्ही विमानाकडे वळलो ते मुळात हौसेने नव्हे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला हा रस्ता लॉर्न ते अपोलो बे या टप्प्यात डोंगराच्या कडेला चिकटून सतत वळणे घेत जातो. सौ.ची घाटातली अवस्था मला चाळीस वर्षे ठाऊक आहे. गगनबावडा मागे पडून करूळ घाट सुरू झाला की ती लिंबू नाकाशी धरते आणि वैभववाडी येईपर्यंत एक शब्द बोलत नाही. त्यामुळे रस्त्याची वळणे टाळून वरून सरळ जावे, असा साधा विचार आम्ही केला होता.

पहिल्या खेपेला मिळालेल्या विमानाचे पंख पोटाखाली होते. मेलबर्नच्या मूरॅबिन विमानतळावरून निघून पोर्ट फिलिप उपसागर ओलांडेपर्यंतचा भाग फार सुंदर गेला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डोक्यावर काहीच आडवे नसल्यामुळे आकाश मोकळे दिसते आणि क्षितिज डोळ्यांत मावत नाही. अडचण सुरू झाली ती प्रत्यक्ष पाहण्याजोगा किनारा आल्यावर, कारण खिडकीतून खाली पाहावे तर तिथे नेमका पंखच पसरलेला होता. ट्वेल्व्ह अपॉसल्स हे चुनखडीचे सुळके (नाव बाराचे असले तरी ते बारा कधी नव्हतेच, आणि 2005 च्या जुलैत त्यांतलाही एक ढासळला) पंखाआड जाऊ नयेत म्हणून वैमानिकाला विमान एका अंगावर कलवून घिरट्या घालाव्या लागत होत्या. उजवीकडच्यांचे पाहून झाले की डावीकडच्यांसाठी पुन्हा उलटी घिरटी. तो तरुण अत्यंत हळुवारपणे आणि मनापासून हे करत होता, म्हणून त्याला थांबवणेही जिवावर येत होते. प्रत्येक सुळका, प्रत्येक खाडी, प्रत्येक कमान म्हणजे एकेक घिरटी झाली. 1878 मध्ये जिच्याजवळ लॉक आर्ड हे जहाज फुटले, त्या घळीवर आम्ही पोहोचलो तेव्हा सौ.ने डोळे मिटून घेतले होते, आणि ते तिने परतीच्या वाटेवर बऱ्याच उशिरा उघडले. जो घाट चुकवण्यासाठी एवढा खर्च केला, तो आम्हाला आकाशात गाठून भेटला.

दुसऱ्या खेपेला मी चौकशी करून छतावर पंख असलेले विमान मागितले आणि सेसना 172 मिळाले. मार्ग जवळजवळ तोच होता. फरक असा की विमान पूर्ण वेळ समतल ठेवूनही खालचे सगळे दिसत होते. सुळके, त्यांच्या पायथ्याशी फुटणाऱ्या लाटांचा फेस, कड्यावर थांबलेली माणसे खिडकीखालून सावकाश सरकत गेली. लंडन ब्रिज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकाचा किनाऱ्याशी जोडलेला भाग 1990 च्या जानेवारीत कोसळला आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले, ही हकिगत आम्ही ऐकली होती. पण तो खडक किनाऱ्यापासून किती तुटला आहे हे त्या दिवशी वरून पाहिल्यावरच लक्षात आले. सौ. येताना-जाताना बोलत होती. बाहेरून येणाऱ्यांना ताजी फळे सोबत नेण्यास ऑस्ट्रेलियात मनाई असल्याने तिथल्याच दुकानातून मुद्दाम विकत घेतलेले लिंबू त्या संध्याकाळी पोह्यांवर पिळले गेले.

या विमानालाही खोडी आहेत. पंखाला खालून आधार देणारी तिरपी दांडी माझ्या निम्म्या छायाचित्रांत आली आहे. विमान वळू लागले की वळणाच्या बाजूचा पंख खाली येऊन क्षितिज झाकतो, आणि आकाश तर असेही फारसे दिसत नाही. ज्यांना किनाऱ्यापेक्षा उड्डाणाचाच आनंद घ्यायचा आहे, ज्यांचे पोट घट्ट आहे, त्यांना पंख खाली असलेले विमान कदाचित अधिक भावेल. माझ्या मुलाला ते भावले. गोंगाट दोन्हींत सारखाच वाटला. मात्र आमच्या पहिल्या विमानाला एकच दार होते आणि पंखावर चढून आत उतरावे लागले. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या वयात ही कसरत दोनदा करावी लागते हे विसरू नये. सेसनाला दोन्ही बाजूंना दारे होती आणि चढताना पंखाची सावली मिळाली, ती वेगळीच.

आरक्षण करताना विमानाच्या नावापेक्षा पंख कुठे आहेत एवढेच विचारावे. समुद्रावरून पश्चिमेकडे जाताना किनारा उजव्या हाताला राहतो, तेव्हा ज्याला नीट पाहायचे आहे त्याने वैमानिकाशेजारची उजवी जागा मागून घ्यावी. परतताना डावीकडे मागे बसलेल्याची पाळी येते. तिकडे दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला असतो, आणि समुद्राकडे तोंड केलेले हे कडे त्या वेळी सावलीत काळवंडलेले दिसतात. म्हणून सकाळची किंवा उतरत्या उन्हाची वेळ निवडावी. जाऊन-येऊन आम्हाला अडीच तासांच्या आसपास लागले आणि इतक्या लहान विमानात स्वच्छतागृह नसते, त्यामुळे निघताना मुलाने कितीही आग्रह केला तरी चहाचा दुसरा कप घेऊ नये.